गंजलेला नट

श्रोतेहो, मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा नट-बोल्टांवर बोलायला हा गृहस्थ कोठून आला, असे आपणांपैकी कोणाच्या मनात आले असेल तर ते बरोबरच आहे. माझी पदवी एम. ए. ची. त्या अभ्यासक्रमात मला एकच नट भेटला होता, तो रंगभूमीवरचा. लोखंडी नटाशी माझी गाठ पडली ती चाळिशीत, आणि तीही एका जुन्या जीपमुळे.

ही जीप माझ्या काकांची. १९६८ सालची, महिंद्र कंपनीची, पेट्रोलवर चालणारी. आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात खाडीच्या काठाला आहे. त्या काळी गावात दुसरे चारचाकी वाहन नव्हते, म्हणून लग्नाचे वऱ्हाड, आंब्याच्या पेट्या आणि आजारी माणसे या सगळ्यांची ने-आण तिच्यातून चाले. १९८९ च्या पावसाळ्यात माझ्या आईला शेतात फुरसे चावले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. रात्रीची वेळ, वर पाऊस, कॉजवेवर पाणी चढलेले. काकांनी जीप त्या पाण्यातून घातली आणि आईला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले. आई आज पंचाहत्तर वर्षांची आहे. पुढे २०११ साली काका गेले, आणि जीप आमच्या आंब्याच्या बागेतल्या मांगरात उभी राहिली ती राहिलीच.

२०२० साली महाविद्यालये बंद पडली आणि हाताला वेळ सापडला, तेव्हा मी मांगराचे दार उघडले. गाडीला खालून हात लावला तर हाताला पापुद्रे आले. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, मग दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. आपल्याकडे याला पासिंग म्हणतात. पासिंगला ब्रेक लागले पाहिजेत, ब्रेक पाहायचे तर चाके उतरली पाहिजेत, आणि चाके उतरायची तर नट सुटले पाहिजेत. आणि नट तर बसले होते रुसून.

आता, नट रुसतो म्हणजे काय होते ते आधी पाहू. लोखंडाला पाणी आणि हवा ही दोन्ही मिळाली की गंज चढतो. एकटे पाणी किंवा एकटी कोरडी हवा हे काम नीटसे करू शकत नाही. पाण्यात मीठ असले की क्रिया फार वेगाने होते, कारण खारट पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि गंजणे ही मुळात विजेचीच करामत आहे. म्हणून घाटावरची गाडी दहा वर्षांत जेवढी गंजते तेवढी आमच्या खाडीकाठची थोड्या वर्षांतच गंजते. पण खरी मेख पुढेच आहे. गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. नटाच्या आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत हा फुगीर पदार्थ तयार होतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. म्हणजे नट कोणी आवळलेला नसतो; तो आतून ठासलेला असतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. ठासलेले चूर्ण फोडायचे, भिजवायचे किंवा फट मोठी करायची, याहून चौथा मार्ग नाही. नुसता जोर लावणे हा मार्ग नव्हे. मला मात्र हे कोणी आधी सांगितले नव्हते.

मी काय केले ते सांगतो. जीपच्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाला हात घातला. चाकाला पाच नट. पाना लावला, नट हलेना. पान्याला चार फूट लांबीचा पाण्याचा पाइप घातला, तरी हलेना. मग बागेत आलेल्या दोन विद्यार्थ्यांना त्या पाइपवर उभे केले. विचार करा, चाकाचा नट नेहमी आवळतात तो साधारण एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगावे एवढ्या जोराने. इथे त्याहून लांब पाइपावर सव्वाशे किलो वजन उभे होते. काडकन आवाज झाला, मुले खाली आली, आम्ही हसलो. पाहतो तो नट सुटला नव्हता, स्टडच मोडला होता. शहाण्याने तिथे थांबावे. मी दुसरा नट घेतला, आणि तोही स्टड तसाच मोडला.

आमच्या वाडीत एस. टी. च्या कार्यशाळेत उभी हयात काढून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांना बोलावले. ते आले, खाली बसले, उरलेल्या स्टडचे टोक त्यांनी तारेच्या ब्रशने घासले, लुंगीच्या टोकाने पुसले आणि मला म्हणाले, “सर, तुमी मराठी शिकवतात ना?”

“हो आबा.”

“म्हणान इंग्रजी अक्षर वाचूक नाय?”

वाकून पाहिले. स्टडच्या तोंडावर ‘एल’ हे अक्षर ठसठशीत कोरलेले होते. एल म्हणजे लेफ्ट, डावा. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. म्हणजे जगातले बहुतेक नट ज्या दिशेने सुटतात त्या दिशेने हे नट आवळतात. मी आणि माझे दोन विद्यार्थी मिळून सव्वाशे किलोच्या वजनाने तो नट सोडवत नव्हतो, तो आवळत होतो! चाक पुढे धावताना त्याच्या फिरण्याने नट हळूहळू सैल होऊ नये, म्हणून पूर्वीच्या इंजिनिअरांनी ही योजना केली होती. पुढे नटाची बैठक निमुळती केली की एवढ्याने भागते असे दिसून आले आणि बहुतेक मोटारींतून उलटे आटे गेले. आपल्या सायकलीत मात्र ते अजून आहेत. डावे पेडल काढून पाहा, उलटेच सुटेल. ज्याने लहानपणी सायकल खोलली आहे त्याला हे ठाऊक असायला हवे होते. मी लहानपणी सायकल खोलली होती.

तेव्हा जुन्या गाडीवर पाना लावण्यापूर्वी स्टडचे तोंड घासा आणि वाचा. शंका आली तर बाहेर आलेल्या आट्यांकडे बाजूने पाहा, ते कोणत्या बाजूला चढत जातात हे डोळ्यांना दिसते. ज्याचा सुटण्याचा अंदाज नाही अशा नटावर जोर करू नये.

आबांनी मग त्या दिवशी उरलेल्या तीन नटांना हातसुद्धा लावला नाही. त्यांनी तारेचा ब्रश घेतला आणि बाहेर आलेले आटे लख्ख केले. हे काम फार कंटाळवाणे, पण पहिले. नट सुटायला लागला की त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचे असते. वाटेत गंजाचे खडे पडलेले असतील तर तो अर्ध्या रस्त्यात पुन्हा अडकतो, आणि मग स्टड पिळून मोडतो. आटे साफ झाल्यावर तेल. तेल कोणते, यावर गॅरेजवाल्यांत जेवढे पंथ आहेत तेवढे आपल्याकडे धर्मातही नसतील. कोणी रॉकेल म्हणतो, कोणी डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल म्हणतो, आमच्याकडे तर खोबरेलवालेही आहेत. बाजारात डब्यातून फवारायची तेले मिळतात. त्यांतले डब्ल्यूडी-४० हे नाव आपण ऐकले असेल. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो इथे तयार झाले, आणि तेही नट सोडवण्यासाठी नव्हे, तर धातूवरचे पाणी हटवून गंज होऊ न देण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नाला जमले म्हणून चाळीस. नुसता जाम नट सोडवायचा असेल तर त्याहून अधिक झिरपणारी खास तेले आहेत. काही कारागीर ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मेनिम्मे मिसळून वापरतात. ते थेंबाथेंबाने चांगले उतरते, परंतु दोन्ही द्रव एकजीव राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. आणि ॲसिटोन भडकन पेट घेतो. ते लावलेल्या जागी त्याच दिवशी ज्योत नेऊ नये.

पण माझ्या अनुभवाने सांगतो, तेल कोणते यापेक्षा ते किती वेळ राहिले याला महत्त्व अधिक. निरांजनात वात जशी तूप वर ओढून घेते तसेच आट्यांतली बारीक फट तेल आत ओढून घेते. वातीला घाई करता येते का? नाही ना? तसेच हे आहे. आबांचा क्रम असा होता: संध्याकाळी तेल, वर हातोडीने नटाच्या पाठीवर पाच-सात सरळ टोले, मग घरी जायचे. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टोले. टोले मोठे नव्हेत. टणक आणि सरळ. टोल्याच्या हादऱ्याने आतला गंज तडकतो आणि त्या तडीतून तेल पुढे सरकते. असे तीन दिवस चालले. मी दुसऱ्याच दिवशी पाना उचलला तेव्हा ते म्हणाले, “गंजाक बारा वर्सां लागली, तुमका दोन दिवस जड झाले?” जीप उभी राहून तेव्हा बारा नव्हे, नऊच वर्षे झाली होती, पण वाद घालावा असा तो प्रसंग नव्हता.

चौथ्या दिवशी पाना लागला. आता पान्याविषयी थोडे. पुष्कळ नट गंजाने बिघडत नाहीत, चुकीच्या पान्याने बिघडतात. जुन्या जीपचे नट इंची मापाचे, आणि आपल्याकडचे पाने आता सगळे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर केला की नटाचे कोपरे खाऊन टाकतो. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९, चौदाचा पाना चढत नाही आणि पंधराचा डुलतो. चाकाचे नट तेवढे पाऊण इंची, म्हणजे १९.०५, तिथे एकोणीसचा पाना नीट चालतो. एवढ्याच योगायोगावर विसंबून मी बाकीच्या गाडीवरही मिलिमीटरचे पाने चालवले आणि सहा-सात बोल्टांची डोकी गोल करून ठेवली. जुन्या गाडीसाठी इंची पान्यांचा एक संच विकत घ्या, जुन्या बाजारातही मिळतो. आणि जाम नटावर दोन तोंडांचा उघडा पाना लावू नका, तो दोनच बाजूंना धरतो. गोटी लावा, तीही सहा कोनांची. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवर चढते.

पाना लागल्यावर आबांनी नट प्रथम सोडवण्याच्या दिशेने ओढलाच नाही. त्यांनी तो किंचित आवळला. मला वाटले, आबाही चुकले. तेवढ्यात कट् असा बारीक आवाज आला. गंजाची पकड दोन्हीकडून सारखीच असते, ती कोणत्याही दिशेने तुटली तरी तुटली. मग पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, तेल, पुन्हा पाव फेरा बाहेर. आट्यांतला भुगा आत-बाहेर करताना दळला जातो आणि तेलाबरोबर बाहेर येतो. सरळ एका दमात ओढून काढायला गेले की तोच भुगा एका जागी गोळा होतो. तीन नट निघायला दुपार गेली, पण स्टड एकही मोडला नाही.

आता उष्णतेचे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले असेल. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, मग ती सहज चाकावर बसते आणि वर पाणी ओतले की लाकूड करकरते इतकी आवळते. चार फुटी धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा व्यास सहा-सात मिलिमीटरने वाढतो. तेच तत्त्व इथे उलटे वापरायचे. नट म्हणजे छोटी धाव. वीस मिलिमीटरचा नट तीनशे अंशांनी तापवला तर वाढतो एक मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्श्याएवढाच. पण गंजाची पकड तोडायला तेवढे पुरते. मात्र तापवायचा नट, बोल्ट नव्हे. बोल्ट तापला तर तोही फुगतो आणि सगळे मुसळ केरात. ज्योत नटाच्या कडेवर फिरवावी, झटपट तापवावा आणि बोल्टापर्यंत उष्णता पोहोचण्याआधी पाना लावावा. नाही सुटला तर गार होऊ द्यावा. गार होताना मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत शिरते आणि तेलापेक्षाही चांगले काम करते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे चार नट आम्ही असेच मेणाने काढले.

श्रोतेहो, इथे मला जरा थांबून काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. टायर बसवलेल्या चाकाच्या नटाला ज्योत दाखवू नये. कोणीही सांगो, ‘जरासा शेक’ म्हणो, दाखवू नये. रिम तापली की आतले रबर तापते, वायू धरतो आणि टायर फुटतो. माणसे अशी दगावली आहेत. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकची रबरी नळी, शॉकॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नाही. कमानीच्या पाट्यांना आणि त्यांच्या यू-बोल्टांना लाल होईपर्यंत तापवले तर त्यांचे पाणी उतरते, ते दिसायला तसेच राहतात आणि पुढे केव्हातरी मोडतात. असे बोल्ट कापून नवे घालावे, त्याला फार पैसे लागत नाहीत.

दुसरे, जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये. जॅकने उचलायची, मग स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची, आणि मगच पाना. दगड-विटांवर ठेवू नये, वीट सूचना न देता फुटते. आणि जुन्या जीपची एक खोड लक्षात असू द्या. हिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मधल्या दांड्यावर असतो. मागचे एकच चाक वर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. तेव्हा जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

तिसरे डोळ्यांविषयी. एकदा मी एका हातोडीवर दुसऱ्या हातोडीने ठोकत होतो. जागा अडचणीची होती आणि मला ती युक्ती वाटली. दोन्ही हातोड्या कडक पोलादाच्या, त्यांतली एकीची कपची उडाली आणि माझ्या चष्म्याच्या डाव्या भिंगात रुतली. चष्मा वाचायचा होता, वर पाहताना मी तो एरवी काढून ठेवतो. त्या दिवशी विसरलो होतो. तो चष्मा मी जपून ठेवला आहे आणि मुले मांगरात कामाला आली की आधी दाखवतो. कडक पोलादावर ठोकायचे असेल तर मध्ये पितळेचा तुकडा धरावा, आणि साधा प्लॅस्टिकचा कामाचा चष्मा डोळ्यांवर असावा.

मोडलेल्या स्टडांचे काय केले, असे आपण विचाराल. गावातल्या एकाने सल्ला दिला की पाचांत तीन नटांवर गाडी चालते, कशाला खर्च? चालते, हे खरे. कुठपर्यंत चालते ते कोणी सांगत नाही. उरलेल्या स्टडांवर सगळा भार येतो, ते ताणले जातात आणि एकामागून एक तुटतात. ज्या जीपने माझी आई पाण्यातून नेली ती आता माझी मुलगी चालवायला शिकणार होती. तेव्हा स्टड नवे बसवायचे ठरले. तालुक्याला वेल्डिंगवाल्याकडे हब नेला, जुने बुडखे दाबून बाहेर काढले आणि नवे उलट्या आट्यांचे दोन स्टड कोल्हापूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून मागवले. ते मिळायला महिना लागला. पाइपवर उभे राहायला अर्धे मिनिट लागले होते.

इंजिनच्या बीडमध्ये बोल्ट मोडला तर काम याहून नाजूक असते. बुडखा थोडा वर असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करावा. वेल्डिंगची उष्णता गंज तोडते आणि धरायला नटही मिळतो, असे एका दगडात दोन पक्षी मारता येतात. बुडखा आत असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावे लागते. मध्य चुकला की आटे गेले. इझी-आउट नावाचे एक हत्यार मिळते, ते भोकात घालून उलटे पिळतात. नावाप्रमाणे ते सोपे नाही. ते कडक आणि ठिसूळ असते. आत मोडले तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. तिथे हौसेला लगाम घालून लेथवाल्याकडे जावे.

ब्रेककडे आलो तेव्हा नवीच अडचण. ड्रम निघेना. आतले लायनर ड्रमला घासून-घासून ड्रमच्या कडेला एक उंचवटा तयार होतो आणि शू त्यामागे अडकतात. म्हणून आधी शू मागे घ्यावे लागतात. या जीपला मागच्या पत्र्यावर त्यासाठी बोल्ट असतात, ते फिरवले की आतले अंडाकृती चक्र शूला पुढे-मागे करते. ते बोल्टही जामच होते. पुन्हा ब्रश, तेल, टोले, तीन दिवस. या खेपेला आबांना बोलवावे लागले नाही. ड्रम निघाल्यावर आतली धूळ मात्र फुंकू नये, हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. आणि एवढे दिवस ज्या तेलाचे मी गुण गायले ते तेल लायनरला लागू देऊ नये. लागले तर लायनर गेला असे समजावे. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांचे नट नळीवरच गंजले होते. नट फिरला की नळीही त्याच्याबरोबर पिळत होती. तिथे मी फार झगडलो नाही, सगळ्या नळ्या नव्या घातल्या. आत गंज खाल्लेली नळी वाचवून काय करायचे? घाटात उतरताना ती फुटली तर वाचवलेले पैसे कोणाच्या उपयोगी पडणार?

शिक्षकमित्रांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. शाळेत आपण गंजण्याचा प्रयोग परीक्षानळीत खिळे घालून करतो. मुले नळीकडे पाहतात आणि वहीत निरीक्षण लिहितात. त्याऐवजी एकाच मापाचे दोन नट-बोल्ट घ्या. एकाला ग्रीस लावून आवळा, दुसरा कोरडा आवळा. दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि रोज थोडे पाणी शिंपडत राहा. महिन्याभराने मुलांच्या हाती पाना द्या. दोन्हींतला फरक मुलांना हातानेच कळतो. आमच्या गावच्या शाळेत हा प्रयोग केला तेव्हा सातवीतल्या एका मुलीने कोरड्या बोल्टाला आधी तेल घातले आणि घंटा होईपर्यंत थांबायची परवानगी मागितली. तिचे आजोबा म्हणजे आमचे आबा, हे मला नंतर कळले.

बसवताना काय करावे, हे दोन वाक्यांत सांगतो. जुने नट परत वापरू नयेत, ते स्वस्त असतात. आटे ब्रशने किंवा डायने साफ करावेत. उघड्यावरच्या आणि सायलेन्सरच्या बोल्टांना तांब्याची पूड असलेली पेस्ट लावावी, बाकीच्यांना साधे ग्रीस चालते. फक्त चाकाच्या नटाच्या निमुळत्या बैठकीला काहीही लावू नये, ती कोरडीच असावी. आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा तपासावेत.

२०२३ च्या डिसेंबरात जीप पासिंगला नेली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गाडी चालवायला सांगितली, मग एकदम म्हणाले, थांबवा. मी पाय दाबला. चारही चाकांच्या खुणा रस्त्यावर उमटल्या, आणि मागे बसलेले आबा पुढे येऊन माझ्या पाठीवर आदळले. अधिकाऱ्यांनी कागदावर काही लिहिले. आबा खाली उतरले, वाकून डाव्या चाकाचे पाच नट त्यांनी एकेक करून हाताने चाचपले आणि मग विडी काढली.

स्टेपनीच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट अजून निघालेला नाही. दर रविवारी मी त्यावर तेल घालतो, पाच-सात टोले मारतो आणि घरी येतो.